भिंत किती पेलते

कोल्हापुरात कशाचीही कुस्ती होते. दोन म्हशींच्या दुधाची होते, दोन मिसळींच्या कटाची होते, दोन गल्ल्यांच्या गणपतींची तर दरवर्षी होते. तेव्हा माझ्या भिंतीची झाली याचं आता मला नवल वाटत नाही. त्या वेळी मात्र जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या पोरांना शिकवत होते. विभागात बाई मी एकटीच, आणि नोकरी तात्पुरती. दर जूनमध्ये नव्या ऑर्डरची वाट बघायची, ती हातात पडली की आई देवापुढे साखर ठेवायची, आणि मार्च उजाडला की पुन्हा काळजी सुरू. अशी काही वर्षं गेल्यावर प्राचार्यांनी एकदाचं स्पष्ट सांगून टाकलं, की येत्या जूनपर्यंत एम.ई. झालात तर कायम करू, नाहीतर त्या जागेवर एम.ई. झालेला माणूस घ्यावा लागेल. माणूस वाईट नव्हता, नियमच तसा आला होता. माझे पेपर देऊन झाले होते. राहिला होता प्रबंध.

प्रबंधाचा विषय होता विटांच्या भिंतीची ताकद कॉम्प्युटरवर काढणे. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, भिंत किती पेलते ते कळायला तिच्यावर छप्पर घालून बघायचं, अख्खं कोल्हापूर तसंच उभं राहिलंय. मला राग आला, पण ती म्हणत होती ते खरंच होतं. लोखंडाची तुळई किती पेलेल याचं गणित पाठ्यपुस्तकात तयार मिळतं. भिंतीचं तसं नाही. वीट एक, सिमेंट-वाळूचा मसाला दुसरा आणि ते दोघं जिथं चिकटतात तो सांधा तिसरा, आणि तिघांचे स्वभाव वेगवेगळे. वरून वजन आलं की मऊ मसाला बाजूला पसरायला बघतो, वीट त्याला धरून ठेवते, आणि धरता धरता स्वतःच उभी चिरते.

मी करायचं ते एवढंच, की कॉम्प्युटरमध्ये भिंतीचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकाला सांगायचं, तू वीट, तू मसाला, तुझी ताकद एवढी. मग वरचं वजन हळूहळू वाढवत न्यायचं. ज्या चौकोनाला सोसवत नाही तो अंग काढून घेतो आणि त्याचा भार शेजारच्यांवर पडतो, एकत्र कुटुंबात पडतो तसाच. मग शेजारचेही एकेक करून हात टेकतात, आणि कधीतरी सगळी भिंत जाते. ती ज्या वजनाला गेली तो आकडा म्हणजे माझं उत्तर.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर होता, पण माझी भिंत त्याच्या डोक्यात मावत नव्हती. मावेल असा मोठा कॉम्प्युटर शहराबाहेरच्या एका साखर कारखान्यात आला होता, उसाची बिलं काढायला. पावसाळ्यात कारखाना बंद, ऊस नाही, बिलं नाहीत, म्हणजे यंत्र रिकामं. आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, ओळखीनं परवानगी मिळवली. अट एकच होती. दिवाळीनंतर गव्हाणीत उसाची मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की यंत्र शेतकऱ्यांचं, त्यानंतर भिंतीबिंतीचं नाव काढायचं नाही.

त्या खोलीचा थाट मी कधी विसरणार नाही. चपला बाहेर काढायच्या. आत गेलं की कपाटाएवढ्या यंत्रावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, वर सुकलेला हार, आणि अशी थंडी की दात वाजावेत. खोली सांभाळणारे गृहस्थ पूर्वी उसाच्या बिलांचे कारकून होते आणि आता यंत्राचे पुजारी झाले होते. मी कुडकुडते आहे हे बघून त्यांनी पहिल्याच दिवशी कपाटातून सत्काराची एक शाल काढून दिली. कारखान्यात सत्काराच्या शाली कधी कमी पडत नाहीत. तो सगळा पावसाळा मी कुणाचाही सत्कार न होता शाल पांघरून बसले. सकाळी प्रोग्रॅम सुरू केला की भिंत पडायला दुपार व्हायची, आणि मग दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद घेऊन मी एस.टी. पकडायची. एकदा तो मांडीवर उलगडून बघत होते, तर शेजारच्या आजोबांनी विचारलं, हे कुठलं पंचांग म्हणायचं? मी म्हटलं, भिंतीचं. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि भिंतीला यंदा योग कसा आहे असं विचारलं.

पण नुसता कॉम्प्युटरचा आकडा काय कामाचा? खरी भिंत बांधून, खरी मोडून, आकडा जुळतो का ते दाखवायला हवं होतं. सरांचं म्हणणं असं, की एक चांगली भिंत मोडायची आणि एक वाईट. दोन्हींचा आकडा जुळला तरच प्रोग्रॅम खरा. कॉलेजच्या लॅबमध्ये लोखंडी चौकट होती, तिच्याखाली पुरुषभर उंचीची भिंत बांधायची आणि वरून जॅकनं दाबायची. मसाल्याचे लहान ठोकळे आधी वेगळे काढायचे, ते सुकल्यावर मोडून ताकद बघायची आणि ती कॉम्प्युटरला सांगायची. आकडा आला की भिंतीवर जॅक लावायचा.

भिंती बांधायला आले आमचे मिस्त्री. कॉलेजची निम्मी इमारत त्यांच्या हातची होती. घरात पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकाम, उंच देह, पिळदार मिशा, आणि आवाज असा की तळमजल्यावर बोलले तर गच्चीवरचा माणूस ओ द्यायचा. स्वतःच्या कामाचा अभिमान त्यांना इतका होता, की रस्त्यानं जाताना ते स्वतः बांधलेल्या भिंतींवर थाप मारून जात. नमाजाला जातानाही वाटेतल्या दोन-तीन भिंतींची विचारपूस व्हायचीच.

चांगली भिंत त्यांनी जीव ओतून बांधली. जयसिंगपूरकडच्या भट्टीतल्या विटा एकेक वाजवून घेतल्या, रात्रभर पाण्यात ठेवल्या, ओळंबा लावून लावून थर चढवले. ती मोडायची आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी आव्हान म्हणून घेतलं. चाचणीच्या दिवशी मिस्त्रींच्या गल्लीतली दहा-वीस माणसं लॅबमध्ये हजर. जॅकचा दांडा हलायला लागला तसा लोकांनी भिंतीला धीर द्यायला सुरुवात केली. दम धर म्हणाले, सोडू नको म्हणाले. जॅकच्या बाजूनं आम्ही दोघंच, सर आणि मी. शेवटी फाटकन आवाज झाला आणि भिंत मधोमध उभी चिरली. मी जॅकच्या तबकडीवर बघितलं, आकडा कॉम्प्युटरच्या आकड्याला अगदी खेटून होता. सर म्हणाले, बरं आहे. सरांच्या तोंडून बरं आहे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून पेढे. गल्लीतल्या माणसांनी मात्र निकाल वेगळा लावला. भिंत चिरली पण उभी आहे, म्हणजे पाठ टेकलेली नाही, म्हणजे हरलेली नाही. मिस्त्रींना हार घालून ते घेऊन गेले.

मग आली वाईट भिंत. मी मिस्त्रींना समजावून सांगितलं. सिमेंट अगदी कमी, वाळू भरपूर. विटा कोरड्याच लावायच्या. सांधे अर्धवट भरायचे. नंतर पाणी मारायचं नाही. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा, मी त्यांना कुणाच्या तरी जेवणात खडे घालायला सांगते आहे, असा होत होता. पण म्हणाले, व्हय बाई. पहिली घमेली माझ्यासमोर कालवली, त्यातून मी माझे ठोकळे भरून घेतले आणि तासाला निघून गेले.

ठोकळे सुकले, मोडले, कॉम्प्युटरनं आकडा दिला. चांगल्या भिंतीच्या निम्माही नव्हता. जॅक लावला. गल्ली हजर होतीच. तो आकडा आला आणि गेला, भिंतीला काही झालं नाही. दुप्पट झाला, तरी भिंत शांत. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. पार चांगल्या भिंतीच्या जवळ जाऊन ती चिरली, तेव्हा मिस्त्रींचा चेहरा उजळला होता आणि माझा उतरला होता. जाता जाता त्यांनी मला सांगितलं, काळजी करू नका, लई वजन पेललं.

सर म्हणाले, प्रोग्रॅममध्ये चूक आहे. माझे पुढचे दिवस शाल पांघरून चूक शोधण्यात गेले. ओळ न ओळ तपासली, चौकोन न चौकोन. पुजारीबुवांनी माझ्या वतीनं यंत्राला नारळसुद्धा फोडला. चूक सापडेना. बाहेर गणपती आले, गेले. उसाला तुरे यायचे दिवस जवळ येत चालले आणि माझी नोकरी प्रत्येक एस.टी.बरोबर थोडी थोडी लांब जात होती. आईनं तर एके दिवशी पोळ्या लाटता लाटता एका बँकेतल्या स्थळाचा विषय काढला, यावरून घरात काय अंदाज बांधला गेला होता ते मला कळलं.

शेवटी वैतागून लॅबमध्ये गेले आणि मोडलेल्या वाईट भिंतीच्या ढिगाऱ्यातली एक वीट उचलून तिच्यावरचा मसाला हातोडीनं ठोकला. माझ्या हिशोबानं तो भुसभुशीत असायला हवा होता. हातोडी उडाली, मसाला तसाच. दुसरी वीट, तिसरी वीट, तेच. माझ्या प्रोग्रॅममध्ये काही चूक नव्हती, कॉम्प्युटर एका भिंतीबद्दल बोलत होता आणि उभी होती दुसरीच.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी काही लपवलं नाही. मी तासाला गेल्यावर त्यांनी मसाल्यात दोन पाट्या सिमेंट जास्त घातलं होतं, विटा भिजवल्या होत्या, आणि रोज येता-जाता पाणीही मारलं होतं. वर मलाच विचारलं,

"बाई, परीक्षा तुमची. भिंतीनं जेवढं जास्त वजन पेललं तेवढं मार्क जास्त पडणार न्हवं?"

इतके आठवडे हा माणूस मला पहिल्या नंबरानं पास करत होता. मला हसू यायला हवं होतं, पण यंत्रापुढे घालवलेले ते सगळे दिवस डोळ्यांसमोर आले आणि मी भडकले. बोलायचं ते आणि नको ते, सगळं बोलले. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, माझ्या हातनं वाईट भिंत व्हायची न्हाय, ती बी सगळ्या गल्लीसमोर मोडायला. त्यासाठी दुसरा बघा. आणि थापी धुऊन, फडक्यात गुंडाळून निघून गेले.

दुसरा शोधला. मिस्त्रींनी नाही म्हटलेलं काम घ्यायला त्या भागातला एकही गवंडी तयार होईना. एकानं तर वाईट भिंत बांधायचे जास्त पैसे मिळाले तरी नको म्हणून हात जोडले. उद्या लोक त्याला कामावर बोलावतील का, असं त्यानं मलाच विचारलं. मग मी पदर खोचला आणि स्वतः बांधायला बसले. वर्गात तासन्‌तास वीटकाम शिकवणारी मी, पाचव्या थराला माझी भिंत खिडकीतून बाहेर डोकावायला लागली. पोरं खिडकीबाहेरून मजा बघत होती. सर आले, भिंतीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ही वाईट भिंत नाही, ही भिंतच नाही. हिला कॉम्प्युटरही ओळखणार नाही. वाईट भिंत बांधायलाही गवंडीच लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

नवरात्र तोंडावर आलं होतं. भिंत सुकायला तीन-चार आठवडे हवेत, आणि दिवाळीनंतर यंत्र मला बंद. मी मुकाट्यानं मिस्त्रींच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते, मला बघून उठले. त्यांच्या बायकोनं, आम्ही त्यांना भाभी म्हणायचो, बशीभर खारी आणि चहा आणला आणि दाराशी उभ्या राहिल्या. मी मार्कांचं कोडं आधी सोडवलं. भिंतीनं जास्त पेललं म्हणजे मी हुशार असं नाही. मी आधी सांगितलेल्या वजनाला ती मोडली तरच मी हुशार. नाही मोडली, तर जूनपासून माझी नोकरी गेली.

मिस्त्रींनी चहा संपवला. मग म्हणाले, पण वाईट भिंतीचा हिशोब पाहिजेच कशाला? मी सांगितलं, गावोगावी निम्मी माणसं अशाच भिंतींच्या आत झोपतात. कुणी सिमेंट वाचवलं, कुणी पाणी मारलं नाही. त्या किती पेलतात ते कुणाला तरी माहीत नको का? ते लगेच म्हणाले, मग त्यास्नी चांगली बांधायला सांगा की. मी म्हटलं, पुढची चांगली बांधतील, पण आज उभ्या आहेत त्यांचं काय? त्यावर ते मिशीला पीळ देत बसले. भाभींनी मात्र रिकामा कप उचलता उचलता नवऱ्याला सुनावलं, की पोरीची रोजी तुमच्या मिशीपेक्षा मोठी आहे. मी मान खाली घातली. हसू आलं होतं आणि ते दिसू द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री लॅबच्या दारात. मदतनीस नाही, कुणी नाही. दार लावून घ्या म्हणाले. मी लावलं. या वेळी मी शेवटपर्यंत तिथून हलले नाही. कोरड्या विटा, वाळूचा मसाला, अर्धे रिकामे सांधे. त्यांचा हात सवयीनं सांधा भरायला पुढं जायचा आणि ते तो मागं घ्यायचे. एकदा ओळंबा खाली टाकून उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पण परत आले, आणि दुपारपर्यंत भिंत पुरी केली. वाईट, पण सरळ. जाताना तिच्याकडे वळून बघितलं नाही, आणि थाप तर मारलीच नाही.

ठोकळे सुकल्यावर मोडले आणि मी कारखान्यात गेले. बॉयलर पेटला होता आणि धुराड्यातून धूर निघत होता. पुजारीबुवांनी शेवटची दुपार मला दिली. आकडा आला, इतका लहान की मलाच भीती वाटली.

चाचणीच्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सर, मी आणि मिस्त्री, एवढीच माणसं. लॅबचं दार बंद. पण गल्लीला कुठून तरी सुगावा लागलाच आणि बाहेर घोळका जमून दार वाजवायला लागला. मी मिस्त्रींना म्हटलं, राहू दे, मी त्यांना परत पाठवते. ते स्वतः उठले, कडी काढली आणि सगळ्यांना आत घेतलं.

सरांनी जॅकचा दांडा धरला. मंडळी नेहमीसारखी सरसावून उभी राहिली, कुणीतरी धीर द्यायला तोंडही उघडलं. दांडा काही वेळा हलला, तबकडीचा काटा जेमतेम उठला, कॉम्प्युटरच्या आकड्याशी आला, आणि भिंत बसली. चिरली नाही, उभी राहिली नाही, सरळ बसली. धूळ खाली आली. मग मागून एका पोरगेल्या आवाजानं विचारलं, "मिस्त्री, ही तुमच्या हातची?"

मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"बाई, आकडा जुळला?"

मी मान हलवली. तेव्हा ते गल्लीकडे वळले आणि नेहमीच्या त्या गच्चीपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "व्हय, माझीच हाय. पडायला बांधलीती, पडली."

सर तबकडीवरचा आकडा लिहून घेत होते. मी धुळीतच, विटांच्या ढिगाऱ्याशी बसले आणि सगळ्या गल्लीसमोर ढसाढसा रडले. कुणी हसलं नाही. नोकरीत मी कायम झाले ती त्याच दुपारी. कागद पुढं उन्हाळ्यात कधीतरी आला.